हॉकी संघाच्या दौऱ्यासाठी भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर : पुणे ते कूर्ग आणि परत

सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर म्हणजे सतरा माणसांची गाडी, ही समजूत निदान हॉकी खेळणाऱ्यांनी तरी सोडून द्यावी. आमचा संघ पिंपरीच्या नेहरूनगर परिसरातील मेजर ध्यानचंद हॉकी मैदानाच्या आसपास राहणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या हौशी खेळाडूंचा आहे. १३ ते २१ एप्रिल २०२४ या नऊ दिवसांत आम्ही चौदा खेळाडू आणि आमचे हिशेबनीस असे पंधरा जण पुणे, बेळगाव, कूर्ग, बंगळूरु आणि परत पुणे असा २,३१२ किलोमीटरचा दौरा करून आलो. सोबत तीन मैत्रीपूर्ण सामन्यांचे साहित्य होते. गाडी पुण्यातील एका व्यावसायिकाकडून चालकासह भाड्याने घेतली होती. त्याचे नाव मी येथे देत नाही. कारण त्याच्या कार्यालयाबद्दलच्या माझ्या तक्रारी या धंद्यात सर्रास आढळणाऱ्या आहेत, आणि जी स्तुती करायची आहे ती जवळजवळ सगळी चालकाच्या वाट्याची आहे. हौशी संघाच्या लांबच्या दौऱ्यासाठी ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

रस्त्यानेच का गेलो, हे आधी सांगणे आवश्यक आहे. कूर्ग जिल्ह्यात रेल्वे नाही, विमानतळही नाही. म्हैसूरपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे दुसरे वाहन करायचे म्हटले, तर पंधरा माणसांचे साहित्य दोनदा चढवून उतरवावे लागते. विमानात हॉकी स्टिक जवळ बाळगू देत नाहीत. देशांतर्गत प्रवासात सामान्यतः १५ किलोंचे सामान तिकिटात धरलेले असते, आणि आमच्या गोलरक्षकाचे पॅड, किकर, छातीचे कवच, हेल्मेट व हातमोजे एकाच पिशवीत भरले की त्या पिशवीने एकटीनेच ही मर्यादा संपते. त्याचे कपडे तर अजून बाहेरच असतात. शिवाय दौऱ्याचे आकर्षण असे होते की वाटेत दोन ठिकाणी थांबून खेळल्याशिवाय आमचे समाधान झाले नसते.

ते आकर्षण म्हणजे कूर्गमधील कोडव समाजाचा हॉकी उत्सव. १९९७ साली पांडंडा कुट्टप्पा या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने करडा या गावी साठ घराण्यांचे संघ एकत्र करून तो सुरू केला. तेव्हापासून दरवर्षी एक घराणे यजमानपद घेते आणि त्या वर्षीच्या चषकाला त्या घराण्याचे नाव मिळते. २०२४ चे यजमान कुंड्योलंडा घराणे होते, सामने नापोकलू येथे होते आणि संघांची संख्या ३६० होती. जगातील सर्वांत मोठी हॉकी स्पर्धा म्हणून त्या वर्षी तिची गिनीज विक्रमांत नोंद झाली. संघ घराण्याचा असल्यामुळे आजोबा आणि नातू एकाच बाजूने खेळतात, स्त्रियाही पुरुषांच्या बरोबरीने मैदानात उतरतात. बाहेरच्यांना त्यात खेळता येत नाही, ते योग्यच आहे. आमच्याकडे असा उत्सव भरवला तर शिंदे, जाधव आणि पाटील या तीन संघांतच निम्मे राज्य उतरेल आणि निवड समितीवर मोर्चे निघतील, असे आमच्या बचावफळीतील एका सदस्याचे मत आहे. आम्ही तेथे प्रेक्षक म्हणून जाणार होतो आणि आमचे सामने स्थानिक ज्येष्ठ खेळाडूंशी स्वतंत्रपणे ठरवले होते.

आखणी करताना आमची पहिली चूक वेळेच्या हिशेबात झाली. नकाशाच्या ॲपमध्ये दिसणारा वेळ हा मोटारीचा असतो. भाड्याच्या प्रवासी वाहनाला वेगमर्यादा नियंत्रक बसवलेला असतो आणि आमच्या गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जातच नव्हता. पुणे ते बेळगाव हे सुमारे ३४० किलोमीटरचे अंतर मोटारीने सहा तासांत होते. आम्हाला साडेआठ तास लागले. त्यात कराडजवळचे उड्डाणपुलाचे काम, सातारा ते कागल दरम्यानच्या रुंदीकरणामुळे पडलेले वळणरस्ते, निपाणीजवळचा तवंदी घाट आणि दर दोन तासांनी घेतलेले थांबे हे सगळे आले. हे थांबे आमच्या वयाच्या खेळाडूंसाठी चैन नसून गरज होते. सलग चार तास गुडघे दुमडून बसलेला पन्नाशीचा आघाडीपटू दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच धावेला मांडीचा स्नायू धरून बसतो, हे आम्ही मागील एका दौऱ्यात पाहिले होते. म्हणून ज्या दिवशी ३०० किलोमीटरचा प्रवास झाला असेल त्या दिवशी सामना ठेवायचा नाही, हा नियम आम्ही पाळला आणि तो सर्वांनाच मानवला.

दुसरी अडचण निवडणुकीची होती. लोकसभेची आचारसंहिता लागू होती, कूर्ग आणि बंगळूरुचे मतदान २६ एप्रिलला होते, आणि राज्याच्या सीमेवर तपासणी नाके उभे होते. अशा काळात पन्नास हजारांपेक्षा अधिक रोख रक्कम कागदपत्रांशिवाय बाळगली तर ती जप्त होऊ शकते. आमच्या हिशेबनिसांनी नेहमीप्रमाणे संघाची सर्व वर्गणी एका पाकिटात घातली होती. चालकाने निघण्यापूर्वी दोन दिवस आधी फोनवर त्यांना सावध केले आणि ती रक्कम बँकेत भरून घ्यायला लावली. कोगनोळीच्या नाक्यावर खरोखरच गाडी बाजूला घेऊन सामान उघडायला लावले गेले. स्टिकांचे गठ्ठे पाहून तेथील पोलीस कर्मचाऱ्याच्या मनात काही वेगळीच शंका आलेली दिसली, परंतु गोलरक्षकाचे पॅड बाहेर काढताच ती मिटली. हा सल्ला कार्यालयाकडून यायला हवा होता. तो चालकाकडून आला.

आता भाड्याविषयी, कारण हौशी संघांची सर्वाधिक फसगत येथेच होते. आमचा दर किलोमीटरला २७ रुपये ठरला होता आणि तो पुण्यातील इतर चौकशांच्या तुलनेत वाजवी होता. मात्र या धंद्यात दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरले जातात, दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजला जातो आणि अंतर गाडी त्यांच्या आवारातून निघाल्यापासून परत आवारात पोचेपर्यंतचे असते. सहलीला निघालेल्या कुटुंबाची गाडी रोज फिरत असते, त्यामुळे त्यांना हा नियम जाणवत नाही. हॉकी संघाची गाडी मात्र सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभी असते. नऊ दिवसांचे किमान अंतर २,७०० किलोमीटर झाले, आमचे प्रत्यक्ष अंतर २,३१२ होते, म्हणजे न केलेल्या ३८८ किलोमीटरचे १०,४७६ रुपये आम्ही भरले. हे बेकायदेशीर नाही आणि लपवलेलेही नव्हते. करारात दुसऱ्या पानावर ते छापलेले होते. पण ज्या दिवशी गाडी उभी राहणार आहे त्या दिवसांसाठी वेगळा ठोक दर मागता येतो, आणि मागितला तर मिळतो, हे आम्हाला परत आल्यावर दुसऱ्या एका संघाकडून कळले. नोंदणीच्या वेळी सामन्यांचे वेळापत्रक आमच्याकडून मागून घेतलेल्या कार्यालयाने ही सोय आपणहून सुचवली असती, तर या परीक्षणाचा सूर बराच वेगळा लागला असता.

एकूण बिल असे झाले: भाडे ७२,९०० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटीचे ३,६४५, चालकाचा भत्ता दिवसाला ५०० प्रमाणे ४,५००, आणि टोल व पार्किंगचे ६,७४०, म्हणजे ८७,७८५ रुपये, माणशी सुमारे ५,८५०. नऊ दिवसांसाठी आणि दारापासून दारापर्यंतच्या सोयीसाठी ही रक्कम मला जास्त वाटत नाही.

पहिल्या दिवशी पहाटे पाच वाजता मैदानाच्या फाटकाशी जे घडले, त्याने मात्र सगळ्यांचाच पारा चढला. नोंदणी करताना आम्हाला मोबाइलवर जे छायाचित्र पाठवले होते त्यातील गाडीच्या टपावर लोखंडी कॅरिअर होते आणि मागे चढायला शिडी होती. आलेल्या गाडीला दोन्ही नव्हते. शेवटच्या रांगेमागे सामानाची जी जागा असते ती पंधरा सामान्य पिशव्यांनाही अपुरी पडते. आमच्याकडे तर त्याशिवाय बावीस स्टिक, गोलरक्षकाची चाकांची पिशवी, चेंडूंची बादली, पाण्याचे दोन मोठे जार आणि बर्फाची पेटी होती. कार्यालयात फोन केला असता, छायाचित्र 'नमुन्यादाखल' होते असे उत्तर मिळाले. पहाटे पाच वाजता हा शब्द ऐकण्याची कोणाचीच तयारी नव्हती. आमच्या कर्णधारांनी फोनवरच त्याचा जो अर्थ विचारला, तो येथे छापण्याजोगा नाही.

गाडी लावण्याचे काम शेवटी चालकाने हाती घेतले. त्यांना आम्ही पहिल्या तासापासून मामा म्हणू लागलो होतो आणि येथेही तसेच म्हणतो. आमचा विचार स्टिकांचे गठ्ठे दोन रांगांमधल्या वाटेत आडवे टाकण्याचा होता. मामांनी तो साफ नाकारला. अपघात झाला किंवा आग लागली तर मागच्या माणसांना बाहेर पडायला तीच वाट असते, त्यामुळे ती रिकामी राहिलीच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. त्यांनी शेवटच्या रांगेतील खिडकीकडची आसने सामानासाठी मोकळी करून घेतली, गोलरक्षकाची पिशवी तेथे उभी करून तिला आसनाचा पट्टा लावला, स्टिक आसनांखालून लांबीच्या दिशेने सरकवल्या आणि मऊ पिशव्या मागच्या दारापाशी रचल्या. पंधरा माणसे आणि हे सर्व सामान सतरा आसनांच्या गाडीत अगदी नेमके बसले, म्हणजे सोळावा माणूस असता तर गाडी अपुरी पडली असती. टपावर कॅरिअर नसल्याचे दुःख मला नंतर तितकेसे राहिले नाही. एप्रिलच्या उन्हात ताडपत्रीखाली दिवसभर तापत राहणे आजच्या कार्बनच्या स्टिकांना मानवत नाही, असे आमच्यातील जाणते खेळाडू बजावत असतात. परंतु दाखवायचे एक आणि द्यायचे दुसरे, हा व्यवहार त्यामुळे क्षम्य ठरत नाही.

गाडीची स्थिती एकंदरीत चांगली होती. टायर नवे होते, अग्निशामक नळकांड्यावरची तारीख उलटलेली नव्हती, प्रथमोपचार पेटीत प्रत्यक्ष औषधे होती. पंधरापैकी तीन आसनांच्या पाठी मागे झुकत नव्हत्या, त्यामुळे ती आसने पाळीपाळीने वाटून घ्यावी लागली. वातानुकूलन सपाटीवर ठीक होते, मात्र शेवटच्या दोन रांगांपर्यंत त्याची हवा फारशी पोचत नव्हती आणि घाट चढताना इंजिनावर ताण नको म्हणून मामा ते बंद करीत. मोबाइल भारित करण्याच्या सहा जागांपैकी चार चालू होत्या. हे दोष किरकोळ आहेत. एक दोष किरकोळ नव्हता: मागच्या दाराची कडी बाहेरून व्यवस्थित लागत नव्हती आणि चित्रदुर्गच्या अलीकडे ते दार एकदा धक्क्याने उघडून चेंडूंच्या बादलीतील चार चेंडू राष्ट्रीय महामार्गाला अर्पण झाले. मामांनी पुढच्या गावात थांबून कडी दुरुस्त करून घेतली व त्याचे पैसे आमच्याकडून घेतले नाहीत. अशा दोषाची तपासणी गाडी आवाराबाहेर पडण्यापूर्वी व्हायला हवी.

बेळगावचा सामना मातीच्या मैदानावर झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या भारतीय संघातील बंडू पाटील याच शहराचे. तेथील जुन्या खेळाडूंच्या बोलण्यात ते नाव अजूनही घरच्या माणसासारखे येते. समोरचा संघ मराठीतच एकमेकांना ओरडून सूचना देत होता, त्यामुळे त्यांचे डावपेच आम्हाला आणि आमचे त्यांना आधीच कळत होते. बहुधा म्हणूनच सामना २–२ असा बरोबरीत सुटला. सामन्यानंतर गाडीचा प्रश्न वेगळ्याच रूपाने पुढे आला. पंधरा माणसांचे घामाने भिजलेले मोजे, पायांवरचे संरक्षक आणि गोलरक्षकाचे ते अवर्णनीय हातमोजे बंद गाडीत पाच तास ठेवायचे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने तो वास घेतला आहे त्यालाच येईल. मामांनी मागच्या दोन खिडक्यांच्या दरम्यान सुती दोरी बांधून दिली, त्या खिडक्या दोन बोटे उघड्या ठेवल्या आणि बुटांसाठी दारापाशी गोणपाट अंथरले. मातीचे बूट घालून गाडीत चढायचे नाही, हा त्यांचा एकमेव हुकूम होता आणि तो आमच्या कर्णधारांनाही लागू होता.

चित्रदुर्गला मुक्काम करून तिसऱ्या दिवशी होसदुर्ग, अरसीकेरे आणि हासनमार्गे आम्ही कूर्गमधील मडिकेरीला पोचलो. मोठी बस न घेण्याचा निर्णय किती शहाणपणाचा होता हे येथे पटले. आमचा मुक्काम कॉफीच्या मळ्यातील एका घरगुती निवासात होता आणि तेथे जाणारा शेवटचा दीड किलोमीटरचा रस्ता एका गाडीच्या रुंदीचा, चढाचा आणि तीन तीव्र वळणांचा होता. दुसऱ्या वळणावर मामांनी सगळ्यांना उतरवले, रिकामी गाडी दोन वेळा मागेपुढे करून वर नेली आणि आम्ही पिशव्या न उचलता चालत गेलो. यापेक्षा लांब गाडी तेथे वळलीच नसती. निवासाचे आरक्षण करताना गाडीचा आकार सांगून रस्त्याबद्दल विचारले पाहिजे, हे आम्ही विसरलो होतो. चालकाच्या झोपण्याची सोय विचारायलाही आम्ही विसरलो होतो, आणि ही चूक अधिक लाजिरवाणी आहे. तेथे चालकांसाठी खोली नव्हती. मामा गाडीतच झोपायला निघाले होते. अशा रात्री त्यांच्या सवयीच्या होत्या. ज्या माणसाच्या डोळ्यांवर आपण पंधरा जण विसंबून आहोत त्याने आसनावर अंग मुडपून रात्र काढावी, हे आम्हाला पटण्यासारखे नव्हते. आमच्यातील दोघांनी खोली वाटून घेतली आणि एक खाट त्यांच्यासाठी रिकामी केली. दिवसाला ५०० रुपयांच्या भत्त्यात जेवण आणि मुक्काम दोन्ही भागवायचे, ही व्यावसायिकांची पद्धत मला अन्यायाची वाटते.

मूर्नाडमार्गे नापोकलूला आम्ही दोन दिवस गेलो. पार्किंगसाठी जवळच्या एका शेतात जागा होती, लाल धुळीने गाडीचा पांढरा रंग पहिल्याच दिवशी अदृश्य झाला. एका मैदानावर सामना संपतो न संपतो तोच शेजारच्या मैदानावर दुसरा सुरू होत होता, घराण्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जात होती, आणि साठीच्या पुढचे एक गृहस्थ उजव्या बगलेवरून असा काही चेंडू काढत होते की आमच्या उजव्या आघाडीपटूने आपली स्टिक विकण्याची भाषा सुरू केली. एम. पी. गणेश, एम. एम. सोमय्या, ए. बी. सुब्बय्या, अर्जुन हलप्पा अशी एका छोट्या जिल्ह्यातून निघालेली नावे आपण वर्तमानपत्रांतून वाचत आलो, पण ती येतात कोठून हे नापोकलूच्या त्या गर्दीत बसल्यावर समजते. धनराज पिल्ले यांची खडकी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिचा आम्हाला अभिमानही आहे. परंतु खडकीत घरटी एक संघ निघेल असे काही मी म्हणू शकणार नाही.

पोन्नमपेटच्या कृत्रिम टर्फवर झालेला आमचा सामना आम्ही १–५ असा हरलो. मडिकेरीहून तेथे जायला सुमारे ६० किलोमीटरचा वळणांचा रस्ता आहे. सामना सकाळी आठला होता, त्यामुळे मामांना पहाटे साडेपाचला निघावे लागले. ते पाच वाजताच गाडी पुसून उभे होते. पंधरा मिनिटांच्या चार सत्रांपैकी तिसऱ्यात आमच्या एका बचावपटूच्या भुवईवर चेंडू लागला. सामना सुरू असताना चालकाने गाडी सोडून फिरायला जायचे नाही, अशी अट आम्ही करारात घातली होती. मैदानाबाहेर रुग्णवाहिका नसते तेव्हा संघाची गाडीच रुग्णवाहिका असते, हे त्यामागचे कारण होते. बारा मिनिटांत तो खेळाडू डॉक्टरांपुढे होता, तीन टाके पडले आणि दुपारी तो डुकराच्या मटणाची पंडी करी व तांदळाचे कडंबुट्टू चवीने खात होता. अशा दौऱ्यासाठी गाडी घेणाऱ्या प्रत्येक संघाने ही अट लेखी घालावी, असा माझा आग्रह राहील.

म्हैसूरमार्गे बंगळूरुचा प्रवास नव्या द्रुतगती मार्गामुळे सुखाचा झाला. बंगळूरुत त्या उन्हाळ्यात पाण्याची तीव्र टंचाई होती. कृत्रिम टर्फवर खेळण्यापूर्वी पाणी मारतात, त्यामुळे चेंडू सरळ धावतो आणि पडल्यावर कातडी सोलवटत नाही; परंतु शहरात टँकरसाठी रांगा लागलेल्या असताना यजमानांकडे त्याचा आग्रह धरणे शोभले नसते. आम्ही कोरड्या टर्फवर गुडघ्यांना पट्ट्या बांधून सावधपणे खेळलो आणि ३–२ असे जिंकलो. गाडीवरची कूर्गची धूळ धुण्यासाठी मामा पाण्याची नळी शोधत होते, तेव्हा निवासाच्या व्यवस्थापकाने धावत येऊन त्यांना थांबवले. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५,००० रुपये दंड, असा आदेश तेथील पाणीपुरवठा मंडळाने मार्चमध्ये काढला होता. गाडी लाल रंगातच पुण्याला परतली.

परतीचा मूळ बेत मात्र आमच्या अविचाराचा नमुना होता. शनिवारी संध्याकाळी बंगळूरु सोडून रात्रभर प्रवास करायचा आणि रविवारी सकाळी पुण्यात पोचायचे, असे आम्ही ठरवले होते; ८४० किलोमीटर, एक चालक. कार्यालयाने नोंदणीच्या वेळी त्याला होकार दिला होता. मामांनी शांतपणे नकार दिला. दिवसा जागे असलेल्या माणसाने रात्रभर गाडी हाकायची असेल तर दुसरा चालक हवा, आणि तो नसेल तर आपण रात्री अकरानंतर चाक धरणार नाही, असे त्यांनी कूर्गमध्येच आम्हाला सांगून ठेवले. कार्यालयातून त्यांना फोनवर समजावण्याचा प्रयत्न झाला, तो आम्ही सर्वांनी ऐकला, आणि आम्ही मामांच्या बाजूने उभे राहिलो. सामना पहाटे साडेसहाला घेतला, अकरा वाजता निघालो, रात्री हुबळीला मुक्काम केला आणि रविवारी संध्याकाळी पुण्यात पोचलो. हुबळीच्या मुक्कामाचा माणशी ७०० रुपयांचा वाढीव खर्च आला. त्यावर कोणीही कुरकुर केली नाही, आमच्या हिशेबनिसांनीसुद्धा नाही, आणि ही घटना संघाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

शेवटचे बिल आले तेव्हा त्यात 'कर्नाटक राज्य कर' म्हणून ३,५०० रुपये जास्तीचे लावलेले होते. या गाडीकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना होता, त्याची प्रत आम्ही निघण्यापूर्वीच मागून घेतली होती, आणि असा परवाना असलेल्या वाहनाला राज्याच्या सीमेवर वेगळा कर भरावा लागत नाही. पावती मागितल्यावर ती रक्कम 'नजरचुकीने' लागल्याचे सांगून वगळण्यात आली. ज्या संघाने परवान्याची प्रत मागितली नसेल त्याच्या बिलात ही नजरचूक किती वेळा राहून गेली असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

गाडीला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन, कार्यालयाला दीड, आणि चालकाला पाच. पुढचा दौरा आम्ही कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा असा आखत आहोत. त्यासाठी त्याच व्यावसायिकाकडे चौकशी केली आहे, पण चार गोष्टी लेखी मागून: उभ्या दिवसांचा ठोक दर, प्रत्यक्ष मिळणाऱ्या गाडीचे त्याच आठवड्यातील छायाचित्र, चालकाला मुक्कामासह वाढीव भत्ता, आणि चालक म्हणून मामा. पहिल्या तीन अटींवर कार्यालय विचार करीत आहे. चौथी त्यांनी लगेच मान्य केली. मामांनीच आधी फोन करून तारखा विचारून ठेवल्या होत्या, आणि या वेळी गोलरक्षकाचे हातमोजे वेगळ्या डब्यात आणावेत असेही कळवले होते.